उस्तादाचा कान आणि दुकानाची वही

कोल्हापुरात मोटारीचा गिअर उडू लागला, दुसरा गिअर टाकताना करकर वाजू लागली, की गाडीवाला पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो : "मिस्त्री कोण चांगला?" दुकान कोणते चांगले, असे तो विचारत नाही. गिअरबॉक्सच्या धंद्याची सारी थोरवी या प्रश्नात आहे आणि आमच्या मते त्याचे सारे दुखणेही त्यातच आहे. मिस्त्री म्हणजे शेवटी माणूस. तो म्हातारा होतो, आजारी पडतो, एक दिवस जातो. त्याच्याबरोबर त्याची विद्याही गेली तर दुकानात उरते काय? चार पाने, एक व्हाईस, भिंतीवरचे जुने कॅलेंडर आणि उधारीची यादी.

आमच्या घरात मोटारीच्या गिअरबॉक्स दुरुस्तीचा धंदा तीन पिढ्या चालत आला आहे. आजोबांनी हात बसवला, अब्बांनी नाव कमावले आणि आम्ही भावांनी ते नाव जवळजवळ घालवले होते. ते कसे, हे आज सांगणार आहोत. घरची गोष्ट चारचौघांत सांगण्यात मोठेपणा नाही. पण पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या ठेचेने एखादे दुकान वाचले तरी लिहिल्याचे चीज झाले.

हात आला, अक्षर राहिले

कोल्हापूरची कारागिरी एका दिवसात उभी राहिलेली नाही. 1891 साली मिरजेहून रेल्वे आली. 1895 साली शाहूपुरीची पेठ वसली आणि गुळाच्या व्यापारास हक्काची जागा मिळाली. 1906 साली राजर्षी शाहू महाराजांनी कापड गिरणीची स्थापना केली. गिरणीच्या मागे फिटर आला, लेथ आला, ओतकाम आले. उसाला पाणी लागते, पाण्याला पंप लागतो आणि पंपाला इंजिन लागते. त्या गरजेतून इथले मिस्त्री परदेशी इंजिन उघडून पाहू लागले व पुढे स्वतःच इंजिने बनवू लागले. म्हादबा मेस्त्री शेळके यांचे नाव त्या संदर्भात आजही आदराने घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल येणे अवघड झाले, तेव्हा जे बाहेरून मिळत नाही ते इथेच करायचे, ही वृत्ती अधिकच पक्की झाली. पुढे शिवाजी उद्यमनगर गजबजले. नमुना दाखवा, तसाच भाग करून देतो, असे छातीठोकपणे सांगणारा कारागीर तिथल्या गल्लीगल्लीत भेटत असे.

या कारागिरीत मुसलमान मिस्त्री, वेल्डर, टर्नर मोठ्या संख्येने होते आणि आहेत. त्याच 1906 साली शाहू महाराजांनी मुसलमान विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले आणि मोहमेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. म्हणजे एकाच वर्षी या शहरात हाताला काम देणारी गिरणी आली आणि आपल्या मुलांना अक्षर देणारे बोर्डिंगही आले. आमच्या आजोबांच्या घराण्याने यांपैकी हात घेतला, अक्षर मात्र घेतले नाही. पोटाची घाई होती, दहाव्या-बाराव्या वर्षी पोरगा उस्तादाकडे लागत असे. त्यांना दोष देण्याचा आम्हास अधिकार नाही. परंतु त्या एका उणिवेची किंमत तिसऱ्या पिढीने मोजली, हेही तितकेच खरे आहे.

तीन पिढ्या, तीन तऱ्हेचे गिअरबॉक्स

आजोबा एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लागले. गुळाच्या ढेपा भरलेले ट्रक गगनबावड्याच्या करूळ घाटाने कोकणात उतरत, आंबा घाटाने रत्नागिरीकडे जात. त्या काळच्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये बहुधा सिंक्रो नसे. गिअर बदलताना ड्रायव्हरला दोनदा क्लच दाबून, मध्ये रेस देऊन दोन्ही चाकांची गती जुळवावी लागे. यालाच डबल क्लच म्हणत. घाटात हिशोब चुकला की दात तुटे. नवा गिअर मुंबईहून मागवायचा तर आठवडे जात आणि गाडी उभी राही. मग आजोबा तुटलेला दात वेल्डिंगने भरत, कानसीने घासून त्याचा आकार शेजारच्या दातासारखा करत, उद्यमनगरातून गनमेटलचे बुश ओढून आणत. अशी दुरुस्ती कायमची नसते, हे ते गिऱ्हाइकाला आधी सांगत.

अब्बांनी स्वतःचे दुकान काढले ते चाचांबरोबर. दोघे भाऊ, एकच गल्ला. त्यांचा काळ फियाट आणि अॅम्बॅसेडरचा. दोन्ही गाड्यांना चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी आणि पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. गाडी पूर्ण थांबण्याआधी पहिला गिअर रेटणारे गाडीवाले गिरणीसारखा आवाज करीत आणि दुकानाला काम देत. पुष्कळ वेळा मात्र दोष गिअरबॉक्समध्ये नसेच. स्टिअरिंगपासून खाली येणाऱ्या दांड्यांची जोडणी झिजलेली असे. ती बदलली की गिअर लोण्यासारखा पडे. अब्बा अशा गाडीचा गिअरबॉक्स न खोलता किरकोळ मजुरी घेऊन ती परत पाठवीत. चाचांना ते पटत नसे. अब्बा म्हणत, आज खोलून पैसे घेतले तर तो पुन्हा येणार नाही. त्यांचे म्हणणे खरे ठरले. दूरदूरच्या गावांहून गाड्या येऊ लागल्या, त्या या सचोटीच्या जोरावर.

अब्बांचा कान हा दुकानाचा खरा मालक होता. गाडी सुरू करायला सांगून ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहत, क्लच दाबा म्हणत, सोडा म्हणत आणि दोष सांगून मोकळे होत. शागिर्दांना ती करामत वाटे. आम्हालाही लहानपणी तसेच वाटे. वास्तविक त्यात जादू काही नव्हती. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना येणारा आवाज क्लच दाबताच थांबला, तर गिअरबॉक्सच्या आतील बेअरिंग गेले. क्लच दाबल्यावरच आवाज आला, तर रिलीज बेअरिंग गेले. फियाट-अॅम्बॅसेडरसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चौथा गिअर थेट असतो. तेव्हा बाकी सर्व गिअरांत आवाज आणि चौथ्यात शांतता असेल, तर खालच्या ले शाफ्टची बेअरिंग पाहावीत. एकाच गिअरला आवाज असेल, तर त्या गिअरचे दात पाहावेत. पाहा वाचकहो, चाळीस वर्षांची करामत आम्ही चार ओळींत लिहिली. ती तेव्हाच लिहिली असती तर आमचे पुष्कळ नुकसान टळले असते.

14 डिसेंबर 1983 रोजी मारुती 800 गाडीची पहिली किल्ली दिली गेली आणि हळूहळू ती गाडी कोल्हापूरच्या रस्त्यांवर दिसू लागली. इंजिन आडवे, ओढ पुढच्या चाकांना, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत. सर्व पुढच्या गिअरांना सिंक्रो. जुने मिस्त्री म्हणाले, हे खेळणे आहे, टिकणार नाही. अब्बांनी तसे म्हटले नाही. त्यांनी भंगारातून अपघातातील मारुतीचा एक गिअरबॉक्स विकत आणला आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तो खोलून पुन्हा बसवला. असे पंधरावीस वेळा केले. कुठला शिम कुठे, कुठली सर्क्लिप आधी, हे बोटांना पाठ होईतो ते थांबले नाहीत. पन्नाशी ओलांडलेला उस्ताद पुन्हा शागीर्द झाला होता. आमच्या घराण्याच्या धंद्यातील सर्वांत मोठे भांडवल कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही हा भंगारातला गिअरबॉक्स दाखवू.

1991 नंतर बाजार खुला झाला. 1998 साली सॅन्ट्रो आली, इंडिका आली. मागोमाग कितीतरी कंपन्यांच्या गाड्या आल्या. पूर्वी दोन-तीन गिअरबॉक्स पाठ असले की आयुष्य निघत असे. आता दर दोन वर्षांनी नवी पेटी समोर येऊ लागली. नेमक्या त्याच काळात आमच्या घरावर आपत्ती कोसळली.

वाचा गेली आणि दुकान मुके झाले

एका सकाळी अब्बांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. पुढे दोन वर्षे ते खुर्चीवर दुकानात येऊन बसत. आवाज त्यांना कळे, दोष कळे, पण सांगता येत नसे. आम्ही खोललेला गिअरबॉक्स त्यांच्यासमोर ठेवायचो आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहायचो. ते डाव्या हाताने खूण करीत. ती आम्हाला कधी समजे, कधी समजत नसे. खूण समजली नाही की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

त्या दिवसांत एका वडापवाल्याच्या जीपचा गिअरबॉक्स आम्ही बांधला. थ्रस्ट वॉशर कोणत्या जाडीचा टाकायचा, हे अब्बांना बोटाच्या स्पर्शाने कळत असे. आम्ही अंदाजाने टाकला. गाडी आठ दिवसांत घाटात अडकली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आम्ही टोइंगचे पैसे दिले, नवे भाग घातले, त्याची बुडालेली रोजी भरून दिली. पण गिऱ्हाइकाने शेवटी जे म्हटले ते पैशाने भरून निघाले नाही. तो म्हणाला, "मिस्त्री होते तोवर हे दुकान होते."

अब्बांच्या इंतकालानंतर दुसरे संकट आले. दुकान अब्बांचे आणि चाचांचे, पण कागद कशाचाच नव्हता. जागेची भाडेपावती चाचांच्या नावाची होती, हत्यारे अब्बांच्या पैशांची होती आणि बोर्डावरचे नाव दोघांचे होते. चाचा आपल्या परीने खरे बोलत होते, आम्ही आमच्या परीने खरे बोलत होतो. दोन खरी माणसे कागद नसल्यामुळे कशी भांडू शकतात, हे आम्ही घरात पाहिले. चार महिने शटर बंद राहिले. शेवटी जागा चाचांकडे गेली, हत्यारे घेऊन आम्ही भाड्याच्या शेडमध्ये गेलो. ईदेला एकमेकांच्या घरी जाणे मात्र बंद पडू दिले नाही, एवढेच समाधान.

आपाच्या वह्या

नव्या शेडमध्ये काम कमी आणि चिंता जास्त होती. त्या काळात आमची थोरली बहीण, आपा, सासरहून आली आणि सोबत एक पत्र्याची पेटी घेऊन आली. तीत तिच्या शाळेच्या जुन्या वह्या होत्या. लग्नापूर्वी रोज रात्री जेवणानंतर अब्बा तिला दिवसभराची बिले सांगत आणि ती लिहून घेई. अब्बांना लिहिता येत नव्हते. ती नुसती रक्कम लिहीत नसे. गाडी कोणती, तक्रार काय, खोलल्यावर काय निघाले, कोणता भाग घातला, शिम किती जाडीचा, हे सारे अब्बा बोलत आणि ती उतरवून घेई. आम्ही भाऊ तेव्हा तिची थट्टा करायचो.

त्या वह्यांनी आमचे दुकान उभे केले. फियाट, अॅम्बॅसेडर, जीप, मॅटाडोर, मारुती, एकेका गाडीची पाच-दहा उदाहरणे तारखेसह सापडली. उस्तादाची वाचा गेली तरी त्यांची विद्या वह्यांत बोलत होती. आणि ज्या मुलीला आम्ही धंद्यात धरलेच नव्हते, तिनेच धंद्याचे खरे भांडवल सांभाळले होते.

यातून आमचे जे मत बनले ते असे : घरचा धंदा हत्यारांमुळे बुडत नाही, नव्या गाड्यांमुळे बुडत नाही. एकाच माणसाच्या कानात साठवलेली विद्या आणि एकाच माणसाच्या तोंडी ठेवलेला हिशोब यामुळे तो बुडतो. दोन्ही कागदावर आलेच पाहिजेत.

भागीदारीचा कागद

आधी हिशोबाचा विचार करू. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की भाऊ-भाऊ एकत्र काम करतात म्हणजे कायद्याने आपोआप एक घर, एक पेढी होते. ही समजूत चुकीची आहे. हिंदू अविभक्त कुटुंबाची जी व्यवस्था कायद्यात आहे ती मुसलमान कुटुंबाला लागू नाही. आपल्याकडे बाप गेला की त्याच दिवशी त्याच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली, हयात असल्यास आई-वडील, यांचे ठरलेले हिस्से उभे राहतात. हे हिस्से द्यायचेच असतात. पण दुकानात बापाचे नेमके किती, हेच ठाऊक नसेल तर हिस्सा कशाचा देणार?

1932 च्या भागीदारी कायद्यात दोन कलमे प्रत्येक दुकानदाराने वकिलाकडून समजून घ्यावीत. कलम 42 म्हणते की, करारात वेगळे ठरले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. म्हणजे पेढी पुढे चालावी असे वाटत असेल तर ते जिवंतपणी लिहून ठेवावे लागते. दोनच भागीदार असतील तर वारसास नव्याने भागीदार करून घेण्याची तजवीजही आधीच करावी. कलम 69 म्हणते की, नोंदणी नसलेल्या भागीदारीला उधारी वसुलीसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. आपल्या धंद्यात उधारी किती असते, हे आम्ही सांगायला नको.

कागद मागणे म्हणजे भावावर अविश्वास दाखवणे, असे आपल्याकडे मानतात. ज्या ग्रंथावर आपली श्रद्धा आहे, त्यातील सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधील, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. मग लिहिण्याची लाज कसली? आम्ही नव्या दुकानाचा करार केला, नोंदणी केली आणि त्यात आपाचे नाव भागीदार म्हणून घातले. उपकार म्हणून नव्हे. तिचे भांडवल, म्हणजे त्या वह्या, आम्ही रोज वापरत होतो.

स्कॅनर, कंपनी आणि आपण

आता विद्येकडे येऊ. आज गाडीवाला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये का जातो? तिथला पोरगा आपल्यापेक्षा हुशार आहे म्हणून नव्हे. त्याच्या हातात स्कॅनर आहे आणि कंपनीचे छापील माप आहे. पुष्कळ ठिकाणी तो गिअरबॉक्स खोलतच नाही, अख्खा बदलतो. त्याचा खर्च गिऱ्हाइकाला झेपत नाही. दोनशे रुपयांच्या बेअरिंगसाठी हजारोंची पेटी बदलणे हे आपल्या मिस्त्रीला पटत नाही आणि गिऱ्हाइकालाही पटत नाही. इथेच आपली जागा आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मिस्त्रींना मिळू न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असे त्यात ठरले आणि कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड झाला. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग वेगळा. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश केला. म्हणजे दार किलकिले झाले आहे. पण त्या दारातून आत जायला वाचता येणारा मिस्त्री लागतो. माप समोर आले आणि ते वाचता आले नाही, तर कंपनीला दोष देऊन काय उपयोग?

आपोआप गिअर बदलणारी गाडी म्हटली की आपले मिस्त्री हात झटकतात. 2014 साली सेलेरिओबरोबर एएमटी ही पद्धत भारतात आली. तिचा गिअरबॉक्स आतून आपल्या ओळखीचाच आहे : तेच शाफ्ट, तेच सिंक्रो, तोच क्लच. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम पायाऐवजी, हाताऐवजी यंत्र करते, एवढाच फरक. क्लच प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून त्या यंत्राला नवे माप शिकवावे लागते. नव्वद टक्के काम आपल्याला येत असून शेवटच्या दहा टक्क्यांसाठी आपण गाडी परत पाठवतो. सीव्हीटी आणि दुहेरी क्लचचे गिअरबॉक्स मात्र खरोखर वेगळे आहेत. ते न शिकता उघडू नयेत, यात शरम नाही.

विजेवरच्या गाड्यांचे भय सर्वांना आहे. ते निराधार नाही. त्या गाड्यांना बहुधा एकच गिअर असतो, सिंक्रो नाही, क्लच नाही. आपले पुष्कळ काम त्याने जाईल. तरीही वेग कमी करणारी दातांची जोडी, डिफरन्शियल, बेअरिंग आणि ऑइल सील तिथेही असतातच. आणि आज रस्त्यावर असलेल्या लाखो पेट्रोल-डिझेल गाड्या अनेक वर्षे चालणार आहेत. आपल्याजवळ तयारीला काही वर्षे आहेत. ती भीतीत घालवायची की भंगारातून एक नवी पेटी आणून खोलण्यात, हे आपण ठरवायचे आहे.

काय करावे?

आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

पहिली, कामाची वही. प्रत्येक गाडीस एक पान. तारीख, गाडी, किलोमीटर, गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, खोलल्यावर काय दिसले, काय घातले, माप किती, तेल कोणते. तेलाचा उल्लेख मुद्दाम करतो. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-4 की जीएल-5 हे पाहिले पाहिजे. जीएल-5 मधील काही रसायने पितळी सिंक्रो रिंगला बाधू शकतात. कंपनीने सांगितले असेल तेच तेल घालावे. चुकीच्या तेलाने बिघडलेल्या पेटीचा दोष गिऱ्हाईक मिस्त्रीवर टाकतो. वहीत नोंद असेल तर दोघांचाही वाद मिटतो.

दुसरी, स्कॅनर एकट्याने परवडत नसेल तर चार दुकानांनी मिळून घ्यावा. कोणाकडे किती दिवस, बिघडला तर खर्च कोणाचा, हे आधी लिहावे. आम्ही शेजारच्या तीन दुकानांबरोबर असा घेतला आहे. सुरुवातीला खटके उडाले, मग प्रत्येकाचा वार ठरवून दिला, तेव्हा शांतता झाली.

तिसरी, मुलांचे शिक्षण. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास 2016 च्या कायदेदुरुस्तीने पूर्ण बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आजोबांची दहाव्या वर्षी शागिर्दी करण्याची वाट बंद झाली, तर दुसरी वाट आपण उघडली पाहिजे. आधी दहावी, मग कळंबा रस्त्यावरील आयटीआय किंवा पॉलिटेक्निक, संध्याकाळी दुकान. ज्यांचे वय उलटले त्यांच्यासाठी 2015 च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत हातच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आणली गेली. बँकेत आणि मोठ्या गिऱ्हाइकापुढे असा कागद उपयोगी पडतो. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेविषयी अनेक मिस्त्री विचारतात. तिच्या अठरा व्यवसायांच्या यादीत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, पण मोटार मेकॅनिक नाही. तेव्हा दलालाच्या नादी लागून अर्जाचे पैसे घालवू नयेत.

चौथी, घरातील मुली. हिशोब, वही, मापे, स्कॅनरवरील मजकूर वाचणे, भागांची मागणी नोंदवणे, ही कामे तिला उत्तम येतात. ती दुकानात बसेल की घरून करेल, हे प्रत्येक घराने ठरवावे. पण काम केले तर तिचा मोबदला आणि तिचा हिस्सा लिहून ठेवावा. आमच्याकडून जे झाले ते आणखी कोणाकडून होऊ नये.

दोन आक्षेप

वहीने कोणी मिस्त्री होतो का, असे जुने उस्ताद विचारतील. होत नाही. हात हातानेच शिकतो, हे आम्हास मान्य आहे. पण वही असेल तर शागिर्दाचा हात दहा वर्षांऐवजी चार वर्षांत तयार होतो आणि उस्ताद गेल्यावर तो अडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. विद्या लिहून ठेवली तर शागीर्द ती घेऊन समोरच दुकान थाटेल. थाटेल, हे खरे आहे. आमचाही एक शागीर्द गेला आणि हाकेच्या अंतरावर त्याने दुकान काढले. पण न लिहिता तरी कोण थांबले आहे? विद्या लपवून ठेवणाऱ्या उस्तादांचे शागीर्दही गेलेच, फक्त ते अर्धवट शिकून गेले आणि त्यांनी बिघडवलेल्या गाड्यांमुळे सगळ्या मिस्त्रींचे नाव खराब झाले. आमचा गेलेला शागीर्द आज न कळणारी पेटी घेऊन आमच्याकडे येतो, आमची गर्दी झाली तर आम्ही गाडी त्याच्याकडे पाठवतो. स्कॅनरच्या चार भागीदारांत तोही एक आहे.

अब्बांची खुर्ची अजून दुकानात आहे. तिच्या शेजारी फळीवर आपाच्या वह्या आणि त्यांपुढे आमच्या नव्या वह्या ओळीने लावल्या आहेत. आता नवा गिऱ्हाईक आला आणि "मिस्त्री कोण?" म्हणून विचारू लागला, तर आम्ही त्याला आधी त्याच्या गाडीचे पान काढून दाखवतो.

वाचकहो, तुमचा धंदा गिअरबॉक्सचा असेल, शिलाईचा असेल, वेल्डिंगचा असेल किंवा चपलांचा. उद्या सकाळी दुकान उघडताना एक शंभर पानी वही विकत घ्या. तुमच्या घरातील सर्वांत जुन्या कारागिराला चहा द्या, शेजारी बसवा आणि पहिले पान त्याच्याकडून विचारून लिहा. तो अजून बोलू शकतो आहे, तोवरच हे काम होणार आहे.